चूक आपल्या पथ्यावर पडते तेव्हा

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक आणि तालुका पातळीवरील कर्मचारी यांच्या एकत्रित प्रशिक्षण वर्गात दिलेले व्याख्यान)



लाचलुचपत, अफरातफर, वशिलेबाजी या विषयांवर आपण पुष्कळ ऐकले आहे. लाच घेणे वाईट आहे, हे सांगण्यासाठी वेगळ्या व्याख्यानाची आवश्यकता नाही. आज मी ज्या विषयाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो, तो याहून पुष्कळ लहान आहे आणि कदाचित म्हणूनच अधिक अवघड आहे. येथे कोणी काही मागितलेले नसते, कोणी खोटे बोललेले नसते, कागदात कोणी खाडाखोड केलेली नसते. दुसऱ्याच्या हातून चूक होते आणि ती आपल्या पथ्यावर पडते, एवढेच घडते.

दुकानदार शंभराची नोट पाचशेची समजून उरलेले पैसे परत करतो. वेतनवाढ पगारपत्रकात एक वर्ष आधीच लागते. सातबारावर आपल्या नावापुढे दोन गुंठे अधिक चढतात. उत्तरपत्रिकेच्या बेरजेत सहा गुण जास्त पडतात. अनुदानाचा एकच हप्ता खात्यावर दोनदा जमा होतो. अशा वेळी आपण काय करतो? बहुधा काहीच करीत नाही. आपण काहीच केले नाही, म्हणजे आपल्याकडून काहीच वावगे घडले नाही, अशी मनाची समजूत घालून मोकळे होतो. ही समजूत कितपत खरी आहे, हे आज आपल्याला तपासावयाचे आहे.

कायदा काय म्हणतो?

या प्रश्नाचा विचार आपल्या कायद्याने फार पूर्वी केलेला आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ४०३ अप्रामाणिकपणे दुसऱ्याची मालमत्ता आपलीशी करण्याविषयी होते. त्यासोबत दिलेली उदाहरणे मोठी बोलकी आहेत. एखाद्याने दुसऱ्याची वस्तू आपलीच आहे असे मनापासून समजून उचलली, तर तो चोर ठरत नाही. परंतु आपली समजूत चुकीची होती हे उमगल्यानंतरही त्याने ती ठेवून घेतली, तर मात्र तो अपराधी ठरतो. रस्त्यावर एक रुपया सापडला आणि तो कोणाचा हे ठाऊक नसताना उचलला, तर तो गुन्हा नाही. पण नोट घातलेले पत्र सापडले, पत्रावरून मालक कोण हे समजले आणि तरीही नोट खिशात घातली, तर तो गुन्हा आहे. हीच तरतूद आता १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ मध्ये आली आहे. शिक्षेची कमाल मर्यादा पूर्वीप्रमाणेच दोन वर्षे असून नव्या संहितेने किमान सहा महिन्यांची मर्यादाही घातली आहे.

या उदाहरणांतील मर्म ध्यानात घ्यावे. वस्तू तीच, माणूस तोच, हातही तोच. बदलते ते फक्त एक: त्याला कळले. कळण्यापूर्वी तो निर्दोष होता, कळल्यानंतर नाही. चूक कळेपर्यंत ती दुसऱ्याची असते. कळल्यानंतरचे मौन मात्र आपले असते. आजच्या माझ्या बोलण्याचे सार या एका वाक्यात आहे.

दिवाणी कायदाही याच दिशेने जातो. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाचे कलम ७२ असे सांगते की, ज्याला चुकीने पैसे दिले गेले किंवा वस्तू पोचती केली गेली, त्याने ती परत केली पाहिजे. दोघा भागीदारांवर मिळून शंभर रुपयांचे देणे होते. एकाने ते फेडले. दुसऱ्याला हे ठाऊक नव्हते, म्हणून त्यानेही शंभर रुपये नेऊन दिले. दुसऱ्या वेळचे शंभर रुपये सावकाराने परत केलेच पाहिजेत. त्याने मागितले नव्हते, ही सबब तेथे चालत नाही.

हा नियम केवळ नागरिकासाठी आहे, असेही समजू नये. बनारसच्या एका व्यापारी पेढीने वायद्याच्या व्यवहारांवर विक्रीकर भरला होता. असा कर लावता येत नाही, हे न्यायालयाच्या निर्णयामुळे नंतर स्पष्ट झाले. चुकीने भरलेला तो कर परत मिळण्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला आणि १९५८ साली न्यायालयाने कलम ७२ शासनालाही लागू केले. शासनाच्या तिजोरीत चुकीने आलेला पैसा हाही परक्याचाच पैसा होय. आपण नागरिकाकडून ज्या सचोटीची अपेक्षा करतो, ती शासनाच्या वतीने खुर्चीवर बसणाऱ्यानेही पाळावयाची आहे. एखाद्या ग्रामस्थाकडून घरपट्टी दोनदा वसूल झाली असल्याचे कर्मचाऱ्याच्या ध्यानात आले, तर ग्रामस्थाने अर्ज करेपर्यंत थांबणे हेदेखील मौनच आहे.

दप्तरात उरणाऱ्या चुका

आता याची व्यावहारिक बाजू पाहू. जेथे माणसे लिहितात, मोजतात आणि बेरजा करतात, तेथे चुका होणारच. यंत्रे आली तरी त्यांत माहिती भरणारी माणसेच असतात. या चुका दोन प्रकारच्या असतात: काही संबंधिताच्या तोट्याच्या, काही त्याच्या फायद्याच्या. तोट्याच्या चुका दुरुस्त होतात, कारण ज्याचे नुकसान होते तो दुसऱ्याच दिवशी कार्यालयाच्या पायऱ्या चढतो. फायद्याच्या चुकांविषयी मात्र कोणी अर्ज करीत नाही. परिणामी वर्षानुवर्षे दप्तरात ज्या चुका उरतात, त्या बहुतांशी एकाच बाजूच्या असतात. हिशेब चुकत जातो, पण तक्रार कोठेच नसते, म्हणून सर्व काही ठीक आहे असे वाटत राहते.

जमिनीच्या नोंदींचे उदाहरण आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १५५ अन्वये अधिकार अभिलेखातील लेखनप्रमाद दुरुस्त करता येतात. त्याच कलमात पुढे असे म्हटले आहे की, जी चूक झाल्याचे संबंधित पक्ष कबूल करतात, तीही दुरुस्त करता येते. ‘कबूल करतात’ या दोन शब्दांत केवढे बळ आहे! ज्याच्या नावे दोन गुंठे जास्त लागले, त्याने ‘हे माझे नाहीत’ असे म्हटले, तर काम एका जबाबावर भागते. त्याने मौन धरले, तर नोटीस, हरकत, सुनावणी, अपील असा प्रवास सुरू होतो आणि कित्येकदा तो पुढच्या पिढीपर्यंत चालतो. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, एका लहानशा घराची जागा. कागदावर चढलेला जास्तीचा गुंठा आकाशातून पडत नाही. तो कोणाच्या तरी नावावरून कमी झालेला असतो, आणि तो कोणीतरी बहुधा बांधापलीकडचाच असतो.

दुकानात, बँकेत किंवा एस. टी.च्या गाडीतही असेच घडते. ‘बँकेला काय कमी आहे?’ असे आपण सहज म्हणतो. परंतु संध्याकाळी रोख जुळविताना जी तूट येते, ती बँकेला नव्हे, तर रोखपालाला भरून द्यावी लागते. वाहकाच्या हिशेबात कमी पडलेले पैसे त्याच्याकडूनच वसूल होतात. ज्याला आपण संस्थेचे नुकसान म्हणतो, ते पुष्कळदा एका पगारदार माणसाच्या घरातले महिनाअखेरचे रेशन असते. म्हणून अशी चूक लक्षात आली तर त्याच दिवशी, रोख बंद होण्यापूर्वी आणि शक्यतो त्याच माणसाला सांगावी. संध्याकाळपर्यंत सांगितलेली चूक एका आकड्याने मिटते. महिन्यानंतर तिचा खुलासा मागविला जातो.

आता पैसे भ्रमणध्वनीवरून क्षणात जातात आणि चूकही क्षणात होते. खाते क्रमांकातला एक आकडा चुकला, तर एका अनोळखी माणसाची फी किंवा औषधाचे पैसे दुसऱ्या अनोळखी माणसाच्या खात्यावर जाऊन पडू शकतात. एनईएफटी आणि आरटीजीएस या मार्गांनी रक्कम पाठविताना घेणाऱ्याचे नाव आधी पाहण्याची सोय रिझर्व्ह बँकेच्या निर्देशानुसार २०२५ साली सुरू झाली, हे चांगलेच झाले. तरीही एकदा जमा झालेली रक्कम बँक सामान्यतः खातेदाराच्या संमतीशिवाय परस्पर काढून घेत नाही. म्हणजे येथेही सारे येऊन ठेपते ते त्या अनोळखी माणसाच्या होकारावर.

पंचाने बाद दिले तेव्हा

सचोटीने वागले की शेवटी लाभच होतो, असे मुलांना सांगण्याची आपली पद्धत आहे. मी तसे सांगणार नाही, कारण ते नेहमी खरे नसते. फेब्रुवारी १९८० मध्ये मुंबईच्या वानखेडे मैदानावर भारत आणि इंग्लंड यांच्यात सुवर्णमहोत्सवी कसोटी सामना झाला. भारताचे कर्णधार होते गुंडप्पा विश्वनाथ. इंग्लंडचे निम्मे फलंदाज ५८ धावांत तंबूत परतले होते. अशा वेळी पंचांनी यष्टिरक्षक बॉब टेलर यांना झेलबाद ठरविले. चेंडू बॅटीला लागलेला नाही, अशी विश्वनाथ यांची खात्री होती. चूक पंचांची होती आणि ती भारताच्या पथ्यावर पडली होती. विश्वनाथ यांनी पंचांना विनंती करून टेलर यांना परत बोलाविले. पुढे टेलर आणि बोथम यांनी १७१ धावांची भागी केली आणि इंग्लंडने तो सामना दहा गडी राखून जिंकला.

विश्वनाथ यांना त्या दिवशी त्यांच्या सचोटीची किंमत मोजावी लागली. सामना परत मिळाला नाही. तरीही इतक्या वर्षांनंतर त्या सामन्याचा विषय निघाला की त्यांनी टेलर यांना परत बोलाविल्याची आठवण हमखास निघते. सचोटी लाभदायक असते म्हणून ती पाळावयाची नसते. ती तोट्याची असतानाही पाळली जाते, म्हणूनच लोक तिच्यावर विसंबतात.

मनाच्या सबबी

चूक आपल्या फायद्याची असली की आपले मन वकील बनते. त्याचे युक्तिवाद ठरावीक आहेत.

पहिला युक्तिवाद असा की, ‘चूक त्यांची आहे, त्यांनी निस्तरावी.’ परंतु चूक निस्तरण्यासाठी आधी ती कळावी लागते आणि ती कळलेला माणूस त्या क्षणी आपणच असतो.

दुसरा असा की, ‘रक्कम क्षुल्लक आहे.’ रक्कम क्षुल्लक असेल, तर ती परत करणेही तितकेच सोपे असले पाहिजे. परत करताना तीच रक्कम जड का वाटू लागते?

तिसरा युक्तिवाद अधिक गंभीर आहे. ‘मागे माझेच पैसे बुडाले होते, आता वसूल झाले.’ आपल्यावर अन्याय झाला असेल, तर त्यासाठी अवश्य भांडावे. पण तेव्हाचे देणे एकाचे आणि आताची चूक दुसऱ्याची, अशी वजाबाकी कोणत्याच वहीत बसत नाही.

चौथा असा की, ‘देवाने दिले ते नाकारू कसे?’ यावर आपल्याकडची एक जुनी गोष्ट आठवते. एकाने शेत विकत घेतले आणि नांगरताना त्यात मोहरांचा हंडा निघाला. तो हंडा घेऊन तो मूळ मालकाकडे गेला आणि म्हणाला, ‘मी शेत घेतले, हंडा नव्हे.’ मूळ मालक म्हणाला, ‘मी शेत विकले, त्यात जे होते ते तुझे.’ वाद राजाकडे गेला. राजाने दुसऱ्या दिवशी यावयास सांगितले. त्या रात्री कलियुग लागले. सकाळी दोघेही आले, पण आता प्रत्येक जण हंडा आपलाच म्हणून भांडत होता. या गोष्टीतील युग एका रात्रीत बदलते. प्रत्यक्षात ते प्रत्येक माणसाच्या मनात रोज बदलू शकते. कायदेकर्त्यांनी या मोहाचाही विचार केलेला दिसतो. १८७८ च्या निखात निधी अधिनियमाप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाचे गुप्तधन सापडले, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. त्यावर कोणाचा पूर्वीचा हक्क सिद्ध झाला नाही आणि वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश हिस्सा सापडणाऱ्याला आणि एक चतुर्थांश जागेच्या मालकाला मिळावा, अशी त्यात तजवीज आहे. जो कळवीत नाही, तो आपला हिस्सा गमावतो. सांगणाऱ्याला शिक्षा नव्हे, तर हिस्सा, हे त्या जुन्या कायद्याचे शहाणपण होते.

कळले होते की नव्हते?

शासकीय सेवकांच्या वेतनाविषयी येथे दोन शब्द बोलणे आवश्यक आहे. सर्वोच्च न्यायालयाने पंजाबमधील एका प्रकरणात डिसेंबर २०१४ मध्ये असे ठरविले की, कार्यालयाच्या चुकीने जादा दिलेले वेतन काही परिस्थितींत वसूल करता येणार नाही. कर्मचारी गट क किंवा ड मधील असेल, निवृत्त झालेला असेल किंवा वर्षभरात होणार असेल, वसुलीच्या आदेशापूर्वी पाच वर्षांहून अधिक काळ जादा रक्कम दिली गेली असेल, अशा काही परिस्थिती न्यायालयाने नमूद केल्या. हा निर्णय दयेचा आणि न्यायाचा आहे. वर्षानुवर्षे मिळालेला पगार संसारात खर्च होऊन गेलेला असतो. तो एकदम मागणे क्रूरपणाचे ठरेल.

मात्र या संरक्षणाचा आधार कोणता, हे विसरता कामा नये. बिहारमधील शिक्षकांच्या प्रकरणात २००९ साली न्यायालयाने स्पष्ट केले होते की, अशी सवलत कर्मचाऱ्याचा हक्क म्हणून नव्हे, तर त्याला हलाखी सोसावी लागू नये म्हणून दिली जाते. मिळणारी रक्कम देय रकमेहून जास्त आहे हे त्याला ठाऊक होते असे सिद्ध झाले, तर न्यायालय वसुलीचा आदेश देऊ शकते. पुन्हा तोच प्रश्न येतो: कळले होते की नव्हते? न्यायालयाला याचे उत्तर पुराव्यावरून शोधावे लागते. आपल्याला ते पुराव्याशिवायच ठाऊक असते.

गोरगरिबांच्या योजनांबाबतही हा भेद पाळावा. एखाद्या वृद्धेच्या खात्यावर हप्ता दोनदा जमा झाला आणि तिने तो औषधपाण्यावर खर्च केला, तर ती गुन्हेगार नाही. तिला समजावून सांगून, तिच्याच्याने झेपेल अशा रीतीने रक्कम परत घेता येईल. याउलट आपण पात्र नाही हे स्वच्छ माहीत असूनही यादीत आलेले नाव तसेच राहू देणारा सुस्थितीतील गृहस्थ वेगळा. घरकुलाच्या यादीचे ग्रामसभेत वाचन होते, ते अशाच वेळी उठून उभे राहण्यासाठी. पी. एम. किसान योजनेत लाभ स्वेच्छेने सोडण्याची आणि मिळालेली रक्कम परत करण्याची सोयही ठेवलेली आहे. ग्रामपंचायतीच्या सभासदाने ही सोय प्रथम स्वतःच्या घरी आणि मग वॉर्डात सांगावी.

शाळेतील सहा गुण

शिक्षकांपुढील प्रसंग अधिक नाजूक असतो. एक मुलगी उत्तरपत्रिका घेऊन येते आणि म्हणते, ‘गुरुजी, बेरजेत सहा गुण जास्त झालेत.’ काय करावे? गुण मुकाट्याने कमी केले, तर वर्ग एवढेच शिकतो की खरे बोलले की तोटा होतो. बक्षीस म्हणून गुण तसेच ठेवले, तर वर्ग शिकतो की खरे बोलणे ही गुण राखण्याची युक्ती आहे, आणि ज्याचे गुण खरोखर तेवढे होते त्याच्यावर अन्याय होतो. माझ्या मते गुण दुरुस्त करावेत आणि ते सर्वांदेखत करावेत. ‘बेरीज माझी चुकली होती, हिने ती दाखविली, मी हिचा आभारी आहे,’ असे शिक्षकाने वर्गात म्हणावे. गुरुजी आपली चूक मान्य करतात आणि ती दाखविणाऱ्याचा मान ठेवतात, हे मुलांनी एकदा पाहिले, तर मूल्यशिक्षणाच्या पुष्कळ तासांचे काम होऊन जाईल.

परत करणाऱ्यासाठी दार

मनाच्या सबबींतील एक मी मुद्दाम मागे ठेवली होती, कारण ती निव्वळ सबब नाही. ‘परत करावयास गेलो, तर उलट माझीच चौकशी होईल,’ असे माणसे म्हणतात आणि अनुभवाने म्हणतात. जास्तीची रक्कम घेऊन आलेल्या माणसाला आपण काय ऐकवितो? ‘साहेब दौऱ्यावर आहेत.’ ‘ही रक्कम कोणत्या शीर्षाखाली घ्यावयाची?’ ‘इतके दिवस काय करीत होता?’ असा माणूस दुसऱ्यांदा येत नाही, आणि त्याची हकीकत ऐकलेले दहा जण पहिल्यांदाही येत नाहीत. पैसे मागणाऱ्यासाठी आपल्या कार्यालयांत खिडक्या आहेत. परत करणाऱ्यासाठीही एक असावयास हवी. अमेरिकेच्या अर्थखात्यात सदसद्विवेकाला स्मरून लोकांनी पाठविलेली रक्कम जमा करून घेण्यासाठी १८११ पासून स्वतंत्र निधी आहे आणि त्यात नाव न सांगताही पैसे भरता येतात. आपल्याला नवा निधी उभारण्याची गरज नाही. चलन लिहून द्यावे, त्याच दिवशी पावती द्यावी, नोंद दुरुस्त झाल्याचे लेखी कळवावे आणि आलेल्या माणसाला बसावयास खुर्ची द्यावी. एवढे कोणत्याही कार्यालयप्रमुखाच्या हाती आहे, त्यासाठी वरच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.

त्याचबरोबर जिच्या हातून चूक झाली त्या कर्मचारी व्यक्तीला, ती प्रामाणिक चूक असेल तर, सांभाळून घ्यावे. चूक उघड झाली की कोणाची तरी नोकरी जाईल, अशी धास्ती असेल, तर भला माणूसही दयेपोटी गप्प राहील.

मित्रहो, गावचा कारभार कायद्यांवर चालतो, तसा तो दप्तरांवर चालतो, आणि दप्तरे शेवटी माणसांच्या शब्दावर चालतात. ज्या गावात ‘हे माझे नाही’ असे चारचौघांत म्हणता येते आणि म्हणणाऱ्याला कोणी हसत नाही, त्या गावात बांधावरून होणारी भांडणे कमी होतील आणि ग्रामसभेत वाचलेल्या यादीवर लोकांचा विश्वास बसेल. उद्या आपल्यापैकी कोणाच्या ना कोणाच्या हाती जास्तीचा आकडा पडेल. त्या वेळी शेजारी कोणी नसेल, मागणारा कोणी नसेल आणि चूक निःसंशय दुसऱ्याची असेल. ती आपली होऊ न देण्यास एकच वाक्य पुरेसे आहे, आणि ते त्याच दिवशी बोलावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.